शाखांच्या जाळ्यातील दिशाहीन भ्रमण : गणिताचा एक पाठ

एखादे मूल शाळेतून मध्येच गळाले की आपल्याकडे दोनच कारणे सांगण्याची रीत आहे. एक तर त्याचे अभ्यासात लक्ष नव्हते. नाहीतर ते त्याच्या नशिबातच नव्हते. पहिल्या कारणात सगळा दोष मुलाचा ठरतो, दुसऱ्यात तो कोणाचाच उरत नाही. तिसरेही एक कारण असू शकते आणि ते कागदावर मोजून दाखवता येते, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ज्या वाटांवरून त्या मुलाला चालावे लागले, त्या वाटांची रचना हे ते कारण. प्रस्तुत लेखात आम्ही हे तिसरे कारण विज्ञानाच्या आधारे उलगडण्याचा प्रयत्न करीत आहोत. ज्या अभ्यासविषयाचा आधार आम्ही घेतला आहे त्याचे नाव मोठे जड आहे : शाखीय बहुवारिकांच्या जाळ्यातील यादृच्छिक भ्रमण आणि सापळ्याची कार्यक्षमता. मात्र त्याचा गाभा समजण्यास बेरीज आणि गुणाकार एवढेच पुरते.

इतिहासाच्या शिक्षकाने गणिताच्या प्रांतात शिरावे काय, असे कोणी विचारील. त्यास दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे उदाहरण पुरेसे आहे. बौद्ध वाङ्मयाचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांचे हे चिरंजीव मुळात गणिती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते १९६२ पर्यंत होते, संख्याशास्त्रात त्यांनी मूलभूत काम केले आणि तीच मोजण्याची शिस्त प्राचीन नाण्यांच्या व इतिहासाच्या अभ्यासात आणली. याच संस्थेचे नाव या लेखात पुढे पुन्हा येणार आहे.

बहुवारिक म्हणजे काय?

वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींतील प्लास्टिकच्या गाळ्यांत काम करणारे आपले अनेक बांधव 'दाणा' रोज हाताळतात. एलडीचा दाणा वेगळा आणि एचडीचा दाणा वेगळा, हे त्यांना हाताच्या स्पर्शाने कळते. दोन्ही दाणे पॉलिएथिलीनचेच. लहान रेणू, म्हणजे एकवारिक, एकापुढे एक जोडले गेले की लांबलचक साखळी तयार होते. तिला बहुवारिक म्हणतात. एचडीमध्ये ही साखळी बहुतांशी सरळ असते. त्यामुळे साखळ्या एकमेकींना चिकटून दाट बसतात आणि तेलाचा कडक कॅन तयार होतो. एलडीमध्ये साखळीला जागोजागी फांद्या फुटलेल्या असतात. त्या दाट बसू शकत नाहीत, म्हणून माल मऊ आणि लवचीक होतो. पदार्थ तोच, फरक केवळ रचनेचा.

आपल्या ताटातील भातातही हीच गोष्ट आहे. तांदळाच्या पिष्टात दोन बहुवारिके असतात. अमायलोज बहुतांशी सरळ साखळीचे, तर अमायलोपेक्टिन फांद्यांचे. त्यात साधारण २४ ते ३० ग्लुकोज घटकांमागे एक फांदी फुटते. भात मोकळा होणार की चिकट, हे बऱ्याच अंशी या दोहोंच्या प्रमाणावर ठरते. आपल्या यकृतात साठणारे ग्लायकोजेन तर याहून दाट फांद्यांचे असते. रसायनशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत प्रयोगशाळेत अत्यंत नेटके शाखीय रेणू घडवले. मध्ये एक गाभा, त्यातून फांद्या, प्रत्येक फांदीतून पुन्हा फांद्या. वृक्षाला ग्रीक भाषेत असलेल्या शब्दावरून त्यांना डेंड्रिमर म्हणतात.

दिशाहीन पावले

१९०५ साली इंग्रज संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी 'नेचर' या नियतकालिकात एक प्रश्न विचारला. एक मनुष्य एका जागेवरून निघून ठरावीक अंतर सरळ चालतो, मग वाटेल त्या दिशेला वळून तितकेच चालतो आणि असे पुनःपुन्हा करतो. तर तो शेवटी कोठे सापडेल? लॉर्ड रॅले यांनी उत्तर कळवले. त्यावरून पिअर्सन यांनी काढलेला निष्कर्ष असा की मोकळ्या मैदानात झिंगत चालणारा मनुष्य शोधायचा असेल, तर तो निघाला त्या जागेच्या आसपासच शोधावा. दिशाहीन चालणारा १०० पावले टाकतो तेव्हा मूळ जागेपासून साधारण १० पावलांइतकाच दूर गेलेला असतो. १०,००० पावले टाकली तर अंतर १०० पावलांचे. श्रम शंभरपट आणि प्रगती दहापट. यालाच यादृच्छिक भ्रमण म्हणतात.

रेणूंच्या जगात हे भ्रमण सर्वत्र चालू असते. झाडाच्या पानावर पडलेली प्रकाशाची ऊर्जा हरितद्रव्याच्या एका रेणूवरून दुसऱ्यावर उड्या घेत जाते आणि अभिक्रिया केंद्रापर्यंत पोहोचली तरच अन्ननिर्मितीच्या कामी येते. एका केंद्राभोवती असे शेकडो रेणू असतात. वाटेत जास्त वेळ गेला तर ती ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. जेथे पोहोचल्यावर भटकंती संपते त्या जागेला शास्त्रज्ञ 'सापळा' म्हणतात. शब्द ऐकायला बरा नाही, परंतु येथे सापळा म्हणजे ध्येयाची जागा, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पानाचे हे काम कृत्रिम रीतीने करून पाहण्यासाठी डेंड्रिमरचा उपयोग केला गेला : फांद्यांच्या टोकांनी प्रकाश झेलायचा आणि गाभ्याने तो गोळा करायचा. त्यातून प्रश्न निघाला की फांद्यांच्या जाळ्यात भटकणारा वाटसरू सापळ्यापर्यंत सरासरी किती पावलांत पोहोचतो? पावले जितकी कमी, तितकी सापळ्याची कार्यक्षमता अधिक.

कागदावर करून पाहू

कागदाच्या मध्यभागी एक ठिपका काढावा. त्यापासून तीन दिशांना तीन ठिपके जोडावेत. या तिन्ही ठिपक्यांना बाहेरच्या बाजूस प्रत्येकी दोन ठिपके जोडावेत. एकूण १० ठिपके आणि त्यांना जोडणारे ९ दुवे असे लहानसे झाड तयार झाले. आपला वाटसरू ठिपक्यावरून ठिपक्यावर चालतो. तिठ्यावर आला की फासा टाकावा : १ किंवा २ पडल्यास पहिली वाट, ३ किंवा ४ पडल्यास दुसरी, ५ किंवा ६ पडल्यास तिसरी. टोकावर पोहोचला तर एकच वाट, मागे फिरण्याची.

पहिली गोष्ट अशी दिसते की आतल्या तिठ्यावरून केंद्राकडे जाणारी वाट एक आणि बाहेर टोकांकडे जाणाऱ्या वाटा दोन. वाटसरूला कोणी ढकलत नाही, कोणी अडवत नाही; तरीही प्रत्येक तिठ्यावर तो तीनपैकी दोन वेळा बाहेर फेकला जातो. यात त्याचा आळस नाही की पूर्वसंचित नाही. हा जाळ्याच्या आकाराचा परिणाम आहे.

किती पावले लागतील हे काढण्यासाठी झाडासारख्या जाळ्यांना लागू पडणारा एक सोपा नियम आहे. एखाद्या दुव्याच्या काठाशी उभा असलेला वाटसरू तो दुवा सापळ्याच्या दिशेने ओलांडण्यास सरासरी किती पावले घेतो? त्या दुव्याच्या मागे जितके दुवे असतील त्यांची दुप्पट करावी आणि त्यात १ मिळवावा. कारण पुढे सरकण्यापूर्वी मागचा प्रत्येक दुवा तो सरासरी एकदा जाताना आणि एकदा येताना, असा दोनदा तुडवतो.

आता सापळा केंद्रस्थानी ठेवू. टोकावरचा वाटसरू निघाला. पहिल्या दुव्यामागे काहीच नाही, म्हणून १ पाऊल. दुसऱ्या दुव्यामागे २ दुवे, म्हणून ५ पावले. एकूण ६. हाच सापळा केंद्रातून काढून एका टोकावर नेऊ आणि वाटसरूला दुसऱ्या फांदीच्या टोकावरून सोडू. आता हिशेब १, ५, १३ आणि १७ असा होतो; एकूण ३६. अंतर २ दुव्यांचे ४ झाले, म्हणजे केवळ दुप्पट. पावले मात्र सहापट झाली. वाटसरू तोच, जाळे तेच, फासाही तोच. बदलली ती ध्येयाची जागा.

झाड जसजसे वाढते तसा हा भार वाढत जातो. फांद्यांचा आणखी एक थर जोडला तर टोकापासून केंद्रापर्यंत १९ पावले लागतात. त्यावर आणखी एक थर जोडला तर ४८. याच ४ दुव्यांच्या अंतरासाठी फांद्या नसलेल्या सरळ साखळीत केवळ १६ पावले लागली असती. वाटेत जितके फाटे अधिक, तितकी तीच मजल महाग.

गळती

सरासरी पावलांनी पूर्ण चित्र दिसत नाही, कारण वाटसरूकडे अमर्याद वेळ नसतो. पानातील ऊर्जा जशी वाटेत विझते, तसे वाटसरूही वाटेत गळतात. समजा, प्रत्येक पावलागणिक १० पैकी १ वाटसरू गळतो. सापळा एका टोकावर असेल, तर दूरच्या फांदीच्या टोकावरून निघालेल्या १०० जणांपैकी सुमारे १५ जण पोहोचतात. सापळा केंद्रात असेल, तर सुमारे ५९. आणि केंद्राभोवतीच्या तिन्ही तिठ्यांवर एकेक सापळा ठेवला, तर टोकावरच्या प्रत्येकाला एकच पाऊल टाकायचे असते आणि १०० पैकी ९० पोहोचतात.

१५, ५९ आणि ९०. या तीन आकड्यांमध्ये वाटसरूंच्या गुणवत्तेचा तसूभरही फरक नाही. पहिल्या मांडणीत गळालेल्या ८५ जणांना 'नालायक' म्हणणे हे गणिताच्या दृष्टीने चूक आहे आणि नीतीच्या दृष्टीने अन्याय्य.

केवळ ढकलल्याने काय होते?

येथे कोणी म्हणेल की जागा कशाला बदलायची, वाटसरूला पुढे रेटले म्हणजे झाले. या प्रश्नाचे उत्तर आपल्या मुंबईतच, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शोधले गेले. मुस्तनसिर बर्मा आणि दीपक धर या दोन शास्त्रज्ञांनी १९८३ साली वेड्यावाकड्या जाळ्यातून एका दिशेने रेटल्या जाणाऱ्या वाटसरूचा अभ्यास प्रसिद्ध केला. बर्मा पुढे याच संस्थेचे संचालक झाले. धर यांनी १९८५ साली रामकृष्ण रामस्वामी यांच्यासह यदृच्छेने वाढलेल्या झाडांवरील भ्रमणाचाही अभ्यास केला. २०२२ साली त्यांना संख्यिकी भौतिकीतील सर्वोच्च मानले जाणारे बोल्ट्झमान पदक मिळाले आणि ते मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले.

बर्मा आणि धर यांना आढळले ते आपल्या अपेक्षेच्या उलट आहे. रेटा हलका असतो तेव्हा वाटसरू खरोखर लवकर पुढे सरकतो. रेटा वाढवत गेलो की एका मर्यादेनंतर वेग घटू लागतो आणि आणखी वाढवला की सरासरी वेग शून्यावर येतो. कारण जाळ्यात बंद फाटे असतात. रेट्याच्या दिशेने गेलेल्या बंद फाट्यात वाटसरू शिरला की बाहेर पडण्यासाठी त्याला रेट्याच्या विरुद्ध, मागे यावे लागते. पुढे जाण्याचा संभव मागे येण्याच्या दुप्पट असेल आणि फाटा १० पावले खोल असेल, तर सुटकेस लागणारी पावले हजारांच्या घरात जातात, कारण दोनचा दहावा घात १०२४ आहे. रेटा जितका जोरदार, तितकी ही कैद लांब.

पालकांनी हे वाचून क्षणभर थांबावे. गुणांचा धाक, शेजारच्या मुलाशी तुलना, आवड न विचारता घेतलेला प्रवेश हे सारे रेटेच आहेत. हलका रेटा उपकारक असतो, हे विज्ञानही मान्य करते. परंतु चुकीच्या फाट्यात अडकलेल्या मुलाला 'अजून जोर लाव' म्हणणे म्हणजे त्याला भिंतीवर दाबून धरणे होय. त्याला मागे येण्याची मोकळीक आणि मागे येताना अपमान होणार नाही याची हमी हवी असते.

सोपाऱ्याचा शिलालेख आणि सोलापूरचे वसतिगृह

ध्येयाची जागा लोकांच्या जवळ नेणे हा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली आपल्या नालासोपाऱ्यात स्तूपाचे उत्खनन केले. त्याच वर्षी तेथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली सापडला. प्राचीन शूर्पारक हे मोठे बंदर होते. समुद्रावरची गलबते आणि घाटावरून उतरणारे तांडे जेथे एकत्र येत, अशा ठिकाणी अशोकाने आपला संदेश कोरवला, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने ध्यानात घ्यावी. संदेशासाठी जाळ्यातील जागा निवडली गेली होती.

त्या आठव्या लेखाचा आशय तर आपल्या विषयाशी थेट जुळतो. पूर्वीचे राजे मौजेसाठी विहारयात्रा करीत, शिकार करीत. अशोक राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीस गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. त्यांत श्रमण-ब्राह्मणांची भेट व दान, वृद्धांची भेट आणि जनपदातील लोकांना भेटून धम्माचा उपदेश व विचारपूस होत असे. निरुद्देश भ्रमणाच्या जागी सहेतुक भ्रमण आले; आणि जनपदातील माणसाने राजधानीपर्यंत भटकत यावे, याऐवजी राजा जनपदात गेला.

परमपूज्य बाबासाहेबांच्या शैक्षणिक कार्यातही हीच दृष्टी दिसते. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ च्या जानेवारीत सभेने वसतिगृह काढले ते सोलापुरात. पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना १९४५ ची. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले आणि त्यानंतर १९५० साली बाबासाहेबांनी मुंबईपासून दूर, मराठवाड्यात, औरंगाबादला महाविद्यालय उभे केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने ओळखले गेले. मराठवाड्यातील मुलाने मुंबईपर्यंत वाट शोधत यावे, ही अपेक्षा त्यांनी केली नाही. फांदी होती तेथे त्यांनी केंद्र नेले. वसतिगृहाने याहून एक गोष्ट अधिक केली : पोहोचलेल्या मुलाला रोज मागे फिरावे लागू नये अशी सोय केली. दररोजचे मागचे पाऊल वाचले की गळतीची संधीही कमी होते.

आपला जिल्हा याच दृष्टीने पाहावा. १ ऑगस्ट २०१४ रोजी झालेल्या पालघर जिल्ह्याच्या नकाशात लोहमार्ग किनाऱ्याने जातो आणि जव्हार, मोखाडा, विक्रमगडचे पाडे आत, फाट्यांच्याही फाट्यांवर आहेत. पाड्यावरून गावाला, गावावरून तालुक्याला, तालुक्यावरून स्टेशनला असा तो प्रवास. आपली वसई तर जिल्ह्याच्या अगदी दक्षिण टोकाला. आपल्या आकृतीच्या भाषेत, टोकावर असलेल्या एकाच सापळ्याच्या मांडणीच्या आपण जवळ आहोत. आपल्यासारख्या निवासी शाळेने दूरच्या मुलांना येथे आणून राहते केले, हे मोठेच काम. परंतु जी येथवर पोहोचली त्यांचीच गणना आपल्याला करता येते. वाटेत गळालेल्यांची नावे कोणत्याही हजेरीपटावर नसतात.

गणिताची मर्यादा आणि आपले काम

हे सारे प्रतिमान आहे, मनुष्य नव्हे, हेही सांगितले पाहिजे. यादृच्छिक वाटसरूला स्मृती नसते. मागच्या वळणावर काय झाले हे त्याला ठाऊक नसते आणि पुढे काय आहे हे त्याला कोणी सांगत नाही. मनुष्याला स्मृती आहे. भगवान बुद्धांनी जिला साधनेचे अंग मानले त्या 'सति' या पाली शब्दाचा मूळ अर्थ स्मृती असाच आहे. पाचवे शील नशापाणी टाळण्यास सांगते तेही प्रमाद घडू नये म्हणून. पिअर्सनच्या झिंगलेल्या वाटसरूची अवस्था ती हीच. म्हणून शाळेचे एक काम वाट लहान करण्याचे आणि दुसरे वाटसरूला स्मृती व विवेक देण्याचे. दुसरे काम शिक्षक वर्गात करू शकतात. पहिले काम एकट्या शाळेच्या आवाक्यातील नाही.

ते माजी विद्यार्थ्यांचे आहे. तिन्ही तिठ्यांवर सापळा ठेवल्यावर आकडा ५९ वरून ९० वर गेला, तो केंद्र मोठे केल्याने गेला नाही; मधल्या तिठ्यांवर कोणीतरी उभे राहिल्याने गेला. येथून शिकून गेलेले आपले विद्यार्थी आज कोणी पाड्यावर, कोणी तालुक्याच्या गावी, कोणी नालासोपारा-विरारच्या चाळीत राहतात. प्रत्येकाचे घर कोणत्या ना कोणत्या तिठ्यावर आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी आपल्या वस्तीत अभ्यासिका उघडणे, आठवी-नववीत शाळा सोडू पाहणाऱ्या मुलीच्या घरी जाऊन बसणे, शिष्यवृत्तीचा आणि जातीच्या दाखल्याचा अर्ज शेजारच्या मुलाकडून भरून घेणे, यासाठी इमारत लागत नाही की देणगी लागत नाही. एवढ्याने कोणा एका मुलाची ३६ पावले एकावर येऊ शकतात.

देणगीदारांची नामावली या स्मरणिकेत योग्य त्या आदराने छापली जाईलच. आमची विनंती एवढीच की प्रत्येक माजी विद्यार्थ्याने आपल्या वस्तीचा कागदावर असाच ठिपक्यांचा आराखडा काढावा, सर्वांत दूरच्या टोकावर कोणते मूल राहते ते नावानिशी लिहावे आणि त्या मुलापासून पहिला तिठा कोठे आहे ते शोधावे. तेथे उभे राहणे हे आपले काम.

नमो बुद्धाय. जय भीम.